सुंद्राआत्यावरचा आळ

"त्या दुष्काळात तलावाच्या कामावर सुंद्राबाई नावाच्या एका अशिक्षित मजूर स्त्रीने सोसायटीच्या सुकडीत विष असल्याची अफवा पसरविली, तिनेच सुकडीत काही कालविले असावे, असाही तत्कालीन संशय होता. त्यामुळे काम तीन दिवस बंद पडले. चेअरमनसाहेबांच्या मुत्सद्देगिरीने ते पुन्हा सुरू झाले. सदर स्त्रीने आपली चूक कबूल केल्याची लेखी नोंद उपलब्ध आहे."

हा मजकूर आमच्या गावच्या सेवा सोसायटीने काढलेल्या स्मरणिकेत छापून आला आहे. कागद गुळगुळीत आहे, मुखपृष्ठ रंगीत आहे आणि पानोपानी हारतुऱ्यांतली माणसे आहेत. वरच्या चार वाक्यांपैकी एकही मात्र उभे राहण्याच्या लायकीचे नाही. मी सोसायटीच्या विद्यमान सचिवांकडे गेलो. ते अदबीने म्हणाले, "नाना, आमच्यापाशी कागद आहे." मी म्हणालो, तो कागद कुणाच्या हस्ताक्षरात आहे ते तुम्हांला ठाऊक आहे काय? त्यांना ठाऊक नव्हते. मला आहे. त्या कागदाकडे मी येणारच आहे. परंतु आधी ज्या बाईवर हा आळ घेतला गेला ती बाई कशी होती ते सांगितले पाहिजे. तिला पाहिलेली माणसे आता फार उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती पारावर बसून याच स्मरणिकेतली पाने एकमेकांना वाचून दाखवीत आहेत.

सुंद्राआत्या माझी सख्खी आत्या नव्हती. ती गावची लेक. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर माहेरच्या दोन एकरांवर परत आली आणि तेव्हापासून थोरामोठ्यांची, लहानसहानांची, सगळ्यांचीच आत्या झाली. तिला मूलबाळ नव्हते. असे असूनही, एखाद्या बाईला दिवस गेले आहेत हे त्या बाईच्या आधी आत्याला कळत असे. हा काही चमत्कार नव्हता; ते तिचे लक्ष होते. ती बाईच्या तोंडाकडे पाहत नसे, भाकरीच्या फडक्याकडे पाहत असे. त्या वर्षी आम्ही सगळे परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खात होतो. तिच्या भाकरीला एक कुबट, ओल्या पोत्यासारखा वास येई. भुकेला माणूस तो सोसत असे. मात्र एखाद्या बाईने फडके सोडताना तोंड वाऱ्याकडे फिरवले, की आत्याने ते पाहिलेच म्हणून समजावे. ती विचारीत काहीच नसे. दुसऱ्या दिवशी त्या बाईची कामाची जागा तेवढी बदललेली असे.

न विचारण्याचे कारण होते. आमच्या भागात तीन महिने भरेपर्यंत पोटाची गोष्ट तोंडाने बोलत नसत. सासूला कळे ते सुनेच्या उमाशांवरून, आणि नवऱ्याला कळे ते सर्वांच्या शेवटी. ज्या बाईचे आधीचे गर्भ टिकले नव्हते तिच्या बाबतीत तर हा नेम अधिकच कडक. आत्याचे म्हणणे असे की, "पोट बोलाया लागंस्तवर तोंडानं बोलू नी." हल्लीची शिकलेली मंडळी याला अंधश्रद्धा म्हणून हसतील. त्यांनी हसण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की त्या कामावर ही चूप राहण्याची रीत नुसती रीत नव्हती, भाकरी होती. कामावर जे ओव्हरसिअर साहेब नेमले होते ते तरुण होते, अविवाहित होते आणि शहरातून नव्यानेच आले होते. पोट दिसू लागलेली एक बाई त्यांना टोपले उचलताना दिसली, तेव्हा "काही झालं तर जबाबदार कोण" असे म्हणून त्यांनी तिला त्याच दिवशी घरी धाडले. तिच्या घरात दुसरे काम करणारे माणूस नव्हते. माळावरच्या सगळ्या बायांनी ते पाहिले आणि ज्यांना सांगण्यासारखे काही होते त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

आमचा माळ सिरसाळ्याच्या पलीकडे. तेथे पाझर तलावाचे काम निघाले होते. पुरुषांनी खोदायचे, बायांनी टोपली वाहायची आणि जवळच्या टेकाडावर खडी फोडायची. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. म्हणून मला हजेरीचा कारकून नेमले. आत्या बायांच्या एका टोळीची मुकादम होती, आणि माझी बायको कौसल्या हीदेखील तिच्याच टोळीत टोपली वाहत होती. कारकुनाची बायको म्हणून ती सावलीत बसत होती, असे पारावरचे एक निवृत्त गुरुजी अजून सांगतात. ते गुरुजी त्या वर्षी मामाच्या गावी होते. मी माळावर होतो.

आत्याच्या कमरेला कापडाची एक पिशवी असे आणि तिच्यात जोंधळ्याच्या लाह्या असत. मिलोच्या लाह्या नीट फुटत नाहीत. त्यासाठी घरचा जोंधळा लागतो, आणि घरचा जोंधळा त्या वर्षी गावात कुणाकडे म्हणून नव्हता. आत्याकडे गाडगेभर होता, कारण तो बियाण्याचा होता. पाऊस झाल्यावर दोन एकरांत पेरायला म्हणून राखेत घालून ठेवलेला. त्यातला मूठभर जोंधळा ती रोज सकाळी खापरात फोडी. ज्यांना उमासे येत त्यांना तिचा सांगावा असे की, रात्री उशाशी चार लाह्या ठेवायच्या, डोळे उघडले की आडव्यानेच त्या चावायच्या, मग थोडे थांबून उठायचे, आणि पाणी त्यानंतर घोट घोट. लाह्यांबरोबर ती वाळलेल्या चिंचेचा एक चिमटा देई. तो गालात धरायचा, गिळायचा नाही. हे तिला कुणी शिकवले ते मी कधी विचारले नाही. तिचे स्पष्टीकरण तिच्याच भाषेत सांगतो: "रिकामं पोट लई भांडखोर असतंय, बाबा. बाईनं उठून त्याच्याशी भांडायच्या आधी त्याच्या हातात कायतरी द्यावं."

कामाची विभागणीही ती त्याच हिशेबाने करी. वाकून टोपले भरताना पोटातले वर येते, हे ओळखून ती अशा बायांना टेकाडावर खडी फोडायला बसवी, वाऱ्याकडे तोंड करून, सुकडीच्या पोत्यांपासून लांब. सुकडी म्हणजे सरकारने धाडलेला गोड, पौष्टिक, कोरडा खाऊ. सोसायटीमार्फत तो दुपारी वाटला जाई. त्याला तेलाचा थोडा खवट वास असे. या बायांच्या वाटची टोपली स्वतः आत्या वाही. ती तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती. आणि माझ्याकडे तिचे एक मागणे असे: "कारकुना, आमच्या टोळीची हजेरी समद्यांच्या मागून घे." मी घेत असे, आणि मनात म्हणत असे की ही बाई आळशी आहे, हिला उशिरा यायला पाहिजे. उमाशांचा पहिला जोर ओसरायला एवढा वेळ लागतो, हे मला कोण सांगणार? माझ्या स्वतःच्या घरात तेच चालले होते आणि मी कौसल्याशी भांडत होतो. ती भाकर अर्धी टाकून उठे. दुष्काळात अन्न टाकतेस म्हणून मी तिला वाटेल ते बोललो. तिने ऐकून घेतले. त्याआधी तिचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आत गेले होते. या खेपेला ती मला सांगणार नव्हती, भिंतीला सांगणार नव्हती, कुणालाच सांगणार नव्हती.

आता त्या सकाळच्या प्रकाराकडे येतो.

ओव्हरसिअर साहेबांच्या मनात आले की दुपारच्या वाटपात गोंधळ होतो, तेव्हा सुकडी सकाळी हजेरीच्या वेळीच वाटावी. सोसायटीच्या माणसांनी नवी पोती आणून हजेरीच्या रांगेपाशीच उसवली. साहेब त्या दिवशी हजेरी स्वतः पुकारायला उभे राहिले आणि त्यांनी पहिलीच टोळी आत्याची पुकारली. वारा पोत्यांवरून रांगेकडे येत होता. मी साहेबांच्या मागे उभा होतो. एक बाई तोंडाला पदर लावून रांगेतून बाहेर पळाली. तिच्यामागे दुसरी, आणि मग एकीचे पाहून दुसरीला, दुसरीचे पाहून तिसरीला, अशा पाहता पाहता सहा बाया माळावर ओणव्या झाल्या. सहावी कौसल्या होती.

आसपासच्या गावांत तेव्हा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, धास्ती होती. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टोपली जागच्या जागी ठेवायला लावली, परळीला डॉक्टरांकडे सायकलवर माणूस धाडला आणि जाहीर केले की डॉक्टरांनी पटकी म्हटले तर काम बंद करून सगळ्यांना हाकलावे लागेल. काम बंद म्हणजे काय, हे ज्याने तो दुष्काळ पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. माणसे ओरडली नाहीत. होती तेथे खाली बसली.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमनसाहेब जीप घेऊन आले. सुकडी सोसायटीच्या गोदामातून आलेली. तिला नाव लागले असते तर ते त्यांना लागले असते. ते उतरले आणि उतरता उतरता म्हणाले, "आमचा माल चोख हाय. कुणीतरी विष कालवलं असंल." विष हा शब्द त्या दिवशी त्या माळावर प्रथम उच्चारला तो चेअरमनसाहेबांनी. मी तीन हातांवर होतो. माझे कान आता गेले आहेत. तेव्हा शाबूत होते.

मी कौसल्याकडे धावलो. माझी खात्री झाली होती की ती मरणार. आत्याने मध्ये येऊन माझ्या छातीला हात लावला आणि मला मागे लोटले. "तू तुझी वही धर. तुझी बायकू मरत न्हाई." मला तिचा संताप आला. माझी बायको माळावर ओकते आहे आणि ही मला वही धरायला सांगते! त्याच वेळी आत्याने कौसल्याकडे पाहिले. कौसल्याने नकारार्थी मान हलविली, अगदी थोडी. मी ते पाहिले, परंतु त्याचा अर्थ मला लागला नाही.

ऊन चढल्यावर डॉक्टर आले. पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी सहाही जणींना विचारले, काय खाल्ले, कधीपासून होते आहे, पोटात कळा आहेत काय. सहाही जणी पदर दातांत धरून उभ्या. एकीच्याही तोंडातून अक्षर नाही. ओव्हरसिअर साहेब खेकसले तरी नाही. आता आत्याला बोलणे भाग होते, आणि बोलले तर सहा जणींची भाकरी जात होती. तिने काय केले ते मी आजही डोळ्यांपुढे पाहतो. ती पोत्याकडे गेली, ओंजळभर सुकडी घेतली आणि डॉक्टरांसमोर उभी राहून, घाई न करता, चावून चावून ती सगळी खाल्ली. मग बायांच्याच घागरीतले पाणी प्याली. पदराने तोंड पुसून म्हणाली,

"डाक्टर सायब, हितं एवढे गडी हायती. समद्यांनी काल हेच खाल्लं, ह्याच हिरीचं पाणी प्याले. एक तरी गडी वकला का? पटकी काय लुगडं बघून धरती व्हय?"

पुरुषांत खसखस पिकली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आत्याकडे पाहिले, मग त्या सहा जणींकडे, आणि एकच प्रश्न विचारला: "सकाळीच होतं का?"

"सकाळीच. ऊन चढलं की भाकर मागत्यात."

डॉक्टरांनी पिशवी बंद केली. ओव्हरसिअर साहेबांनी रोग कोणता म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पित्त आहे. बाधणारं काही नाही. काम चालू करा. या सहा जणींना ऊन चढल्यावर कामावर घेत जा आणि सुकडी दुपारीच वाटा." जाताना ते आत्यापाशी क्षणभर थांबले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही, आणि जे मला ऐकू आले नाही ते मी सांगत नाही. एवढे सांगतो की दुपारी टोपली पुन्हा हलू लागली. काम बंद राहिले ते सकाळपासून दुपारपर्यंत. तीन दिवस हे सचिवांच्या लेखणीचे बाळंतपण आहे. आणि मुत्सद्देगिरी म्हणाल, तर चेअरमनसाहेब त्या सगळ्या वेळात जीपच्या सावलीत बसले होते.

खरी मुत्सद्देगिरी त्यानंतर झाली. अर्धा दिवस काम का थांबले, हे साहेबांना वर कळवायचे होते. "पित्त" लिहिले तर एका पित्तासाठी तुम्ही सगळे काम थांबविले काय, असे कुणी विचारले असते. "सुकडी" लिहायला चेअरमनसाहेब तयार नव्हते. तेव्हा एक माणूस लागत होता, आणि चेअरमनसाहेबांनी तो काढून दिला. त्यांनी सुचविले की टोळी जिची तिनेच विषाची आवई उठविली, असे लिहावे.

साहेबांनी आत्याला बोलाविले. ते म्हणाले, या बायांना खरोखर काय झाले आहे ते तुला ठाऊक आहे. तू साफ सांग, नाहीतर अफवा पसरविली म्हणून तुझे नाव जाईल आणि तू कामावरून जाशील. त्या पोरगेल्या साहेबांना ती जे बोलली त्यात राग नव्हता, याचेच मला आश्चर्य वाटते. "सायब, तुमी आईच्या पोटात हुता तवा तुमची माय काय रोज श्रीखंड खात हुती? जाऊ द्या. डाक्टरांनी पित्त म्हनून सांगितलंय, तेच लिवा."

त्यातली खूण साहेबांना कळली नाही, मलाही नाही. "पित्त लिहिता येत नाही," साहेब म्हणाले.

"मंग माझं नाव लिवा. माझं पोट जुनं हाय, त्याला काय हुत न्हाई."

चेअरमनसाहेब माझ्याकडे वळले. "काय रे कारकुना, बघतो काय? लिही." ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो: सुंद्राबाईने अफवा पसरविली, सुंद्राबाईवर संशय आहे, सुंद्राबाईला चूक कबूल आहे. आत्याने अंगठा उठविला. तो ज्या कागदावर उठविला तो सोसायटीपाशी आहे, आणि त्यावरचे प्रत्येक अक्षर माझे आहे.

सचिव महाशयांनी माझ्यापुढे जो कागद नाचविला तो हा. त्याला ते कबुली म्हणतात. कबुली त्या गोष्टीची असते जी माणसाने केलेली असते. त्या बाईने सहा बायांचे पोट झाकण्यासाठी आपले नाव पुढे केले. याला दुसरा काही शब्द असेल, कबुली हा नव्हे. पारावरचे गुरुजी याच्या उलट टोकाला जातात. त्यांच्या मते आत्याने डॉक्टरांच्या कानात सहाही नावे सांगून टाकली आणि स्वतःची सुटका करून घेतली. गुरुजींनी एवढा तरी विचार करावा की ज्या बाईची सुटका झाली ती बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर का नव्हती, आणि ज्या सहा जणींची नावे फुटली त्या सहाही कामावर कशा होत्या.

लिहिताना मला सत्य ठाऊक नव्हते. ही माझी सबब नाही. फक्त घटना जशी होती तशी सांगतो आहे. मला आत्याचा राग आला होता, तिने मला लोकांदेखत लोटले होते, आणि तिचे नाव मी चांगले वळणदार अक्षरात लिहिले. संध्याकाळी घरी मी कौसल्याला मोठ्या रुबाबात सांगितले की तुमच्या त्या आत्याचे आज बरे झाले. कौसल्या चुलीपुढे बसली होती. ती उठून बाहेर गेली.

आत्याला कामावरून काढले, परंतु लाह्या थांबल्या नाहीत. तांबडे फुटता फुटता ती गावाबाहेर माळाच्या वाटेवर येऊन बसे. सहा जणी जाताना तिच्यापाशी क्षणभर वाकत आणि पुढे जात. मीही त्याच वाटेने जात असे. ती मला हाक मारी, "कारकुना, आज टोळी कुनाकडं हाय?" मी वही काखेत धरून पुढे निघून जाई. तिला मजुरी नव्हती, सुकडी नव्हती. ती रानातली तांदुळजाची भाजी आणि शेजाऱ्यांनी दिलेला मिलोचा तुकडा यांवर होती. आणि त्या भुकेल्या घरात जोंधळ्याचे गाडगे होते, ज्यातला एक दाणाही तिने स्वतःसाठी शिजविला नाही.

तीन महिने भरले त्या दिवशी कौसल्याने मला सांगितले. सगळे सांगितले, पहिल्या दिवसापासून. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही लिवलंत ते मला कळलंय. आता कावून गप बसलात? जा तिच्याकडं." मी गेलो. आत्या अंगणात बसली होती. मी म्हणालो, मी साहेबांकडे जातो, चेअरमनसाहेबांकडे जातो, तो कागद फिरवायला लावतो. तिने मला खाली बसविले आणि सांगितले की अजून दोघींचे भरायचे आहेत, तोवर गप राहा. त्या दोघींचेही भरल्यावर मी पुन्हा गेलो. तेव्हा ती हसली. "आता नीट करून काय करतू, बाबा? कागुद काय वकत न्हाई. पडू दे पडलाय तितं."

तिने नको म्हटले हे खरे आहे. मला ते ऐकणे सोयीचे होते, हेही तितकेच खरे आहे. माझी कारकुनी चालू होती आणि पुढे सोसायटीत नोकरी लागण्याची आशा होती. ती लागली. मी आज जो इतक्या चढ्या आवाजात बोलतो आहे, त्यातला निम्मा आवाज तेव्हा काढायला हवा होता. सचिवांना मी हे तोंडावर सांगितले आहे आणि येथेही लिहून ठेवतो.

सहाही जणी आपापल्या वेळी सुखरूप बाळंत झाल्या. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा आत्या उशाशी होती. पुढे पाऊस झाला. सोसायटीतून बियाण्याची यादी लागली, तिच्यात आत्याचे नाव नव्हते. "ती अफवावाली बाई" एवढेच कारण मला सांगण्यात आले. तिचे गाडगे तर आम्हीच रिकामे केले होते. कौसल्या आमच्या वाटच्या बियाण्यातली ओंजळ घेऊन तिच्याकडे गेली, तेव्हा उरलेल्या पाच जणी आधीच तेथे आलेल्या होत्या. त्या वर्षी आत्याच्या दोन एकरांत जोंधळा विरळ उगवला, पण उगवला.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती दुपारची भाकर खाऊन ओसरीवर आडवी झाली आणि उठली नाही. तिचा फोटो कुणाकडेही नाही. असता तरी स्मरणिकेत तो छापला गेला नसताच. मी सोसायटीला तीन अर्ज दिले आहेत की तो मजकूर मागे घ्या, आणि तिन्ही वेळा मला उत्तर मिळाले की लेखी पुरावा असताना केवळ एका वृद्ध माणसाच्या आठवणीवर इतिहास बदलता येत नाही. ठीक आहे. माझी आठवण बाजूला ठेवा, माझे हस्ताक्षर बाजूला ठेवा, गुरुजींनाही बाजूला ठेवा. जी गोष्ट सगळ्या गावाने भर उजेडात पाहिली आणि जिला चेअरमनसाहेबांच्या घरातले कुणीही आज नाही म्हणणार नाही, तेवढी एकच घ्या.

दुष्काळ सरल्यानंतर दुसऱ्या वर्षी चेअरमनसाहेबांच्या धाकट्या सूनबाईंना दिवस गेले आणि त्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना; परळीची औषधे झाली, देवधर्म झाला, आणि बाई अंथरुणाला खिळली. तेव्हा चेअरमनसाहेबांनी सुंद्राआत्याला आणायला आपली जीप धाडली, जीपबरोबर मला धाडले, आणि ती वाड्यात आल्यावर आपल्या स्वयंपाकघराची किल्ली स्वतःच्या हाताने तिच्या हातात दिली. ती किल्ली पुढचे दोन महिने तिच्याच कमरेला होती.